पंचांगात एक पान अंतराळाचेही हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'माणूस चंद्रावर मुक्कामाला गेल्यावर देवधर्माचे काय काम?' या विषयावर आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले जात आहे. एक बाजू म्हणते, अंतराळयाने वर गेली की श्रद्धा गळून पडेल. दुसरी म्हणते, हे सगळे आमच्या पुराणांत आधीच होते. अंतराळात गेलेल्या श्रद्धाळू माणसांनी प्रत्यक्षात काय केले, त्यांना काय अडले आणि ते कसे सोडवले गेले, हे मात्र कोणीच सांगितलेले नाही. ही माहिती तारीखवार उपलब्ध आहे. ती पाहिली की श्रद्धा उरेल का हा वाद मागे पडतो, कारण गेली पन्नासहून अधिक वर्षे ती माणसांबरोबर वर जाते आहे. खरा प्रश्न असा आहे की तिथले नेमनियम ठरवणार कोण, आणि ठरवणाऱ्यांना गणित येते का. खान्देशाने हा प्रश्न हाती घ्यावा याला सबळ कारण आहे. ते चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला दगडावर कोरून ठेवलेले आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'वर गेलो, पण देव दिसला नाही' हे वाक्य युरी गागारिनच्या नावावर सांगितले जाते. त्याच्या उड्डाणातल्या संभाषणाच्या नोंदीत ते नाही. त्या अर्थाचे बोलला तो दुसरा सोव्हिएत अंतराळवीर गेरमान टिटोव्ह, १९६२ मध्ये सिअॅटलच्या प्रदर्शनात. आणि कोणीही म्हटले असले तरी त्याने वारकऱ्याचे काही बिघडत नाही. विटेवर उभा असलेला देव शोधायला कोणी चारशे किलोमीटर वर जात नाही.

२४ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ चंद्राभोवती फिरत असताना बोरमन, लोव्हेल आणि अँडर्स यांनी बायबलातल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या पहिल्या दहा ओळी आळीपाळीने वाचल्या. त्यावर अमेरिकेत नासाविरुद्ध खटला गुदरला गेला. न्यायालयाने तो फेटाळला, पण नासा सावध झाली. पुढच्या वर्षी २० जुलैला बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला आणि यानाबाहेर पाऊल टाकण्याआधी त्याने आपल्या पंथाप्रमाणे पावाचा तुकडा आणि द्राक्षारस घेतला. त्याआधीच, हे रेडिओवरून जाहीर करू नकोस, असे त्याला बजावण्यात आले होते. चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश असल्यामुळे ओतलेला रस पेल्याच्या कडेने सावकाश वळत चढला, असे त्याने नंतर लिहिले. चंद्रावर माणसाने घेतलेले पहिले अन्न आणि पहिले पेय हेच होते.

नियम बसवण्याचे खरे काम इस्लामी आणि ज्यू धर्मपंडितांनी केले, आणि ते मुळातून पाहण्यासारखे आहे. १० ऑक्टोबर २००७ ला मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर बैकानूरच्या उड्डाणतळावरून निघाले तेव्हा रमजान संपत आला होता. आदल्याच वर्षी मलेशियात शास्त्रज्ञ आणि धर्मपंडित एकत्र बसले होते, आणि तिथल्या फतवा परिषदेने लेखी नियमावली दिली होती. अडचण अशी होती: अंतराळस्थानक ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे पाच मिनिटांच्या नमाजात ते २,३०० किलोमीटर पुढे सरकलेले असते. सुरुवातीला मक्का ज्या दिशेला असेल त्या दिशेला ती शेवटी नसते. म्हणून नियमात उतरता क्रम दिला. जमल्यास मक्केतल्या काबाकडे तोंड करावे, नाही तर काबाच्या वर आकाशात कल्पिलेल्या स्थानाकडे, तेही नाही तर पृथ्वीकडे, आणि काहीच जमत नसेल तर कुठेही. नमाजाच्या पाच वेळा ठरवायच्या त्या उड्डाणतळाच्या घड्याळाने, चोवीस तासांत. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पाणी नसेल तर स्वच्छ पृष्ठभागाला हात लावून शुद्धी करावी. उभे राहता येत नसेल तर बसून, पडून, नाही तर पापण्यांच्या हालचालीने, आणि अगदीच नाही तर मनात. रोजे परतल्यावर धरले तरी चालतील. या क्रमात कुठेही हट्ट नाही आणि कुठेही सोडून देणे नाही, म्हणून तो आम्हाला आदर्श वाटतो.

इस्रायलचे इलान रॅमन जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानातून गेले तेव्हा प्रश्न शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आला. शब्बाथ दर सातव्या दिवशी येतो आणि दिवस सूर्यास्तापासून मोजतात. कक्षेत दर दीड तासाने सूर्यास्त होतो, म्हणजे शब्दशः मोजले तर साडेदहा तासांनी एक शब्बाथ येईल आणि यानातल्या कामात सारखा खंड पडेल. निर्णय झाला की जिथून उड्डाण झाले त्या केप कॅनव्हेरलच्या घड्याळाप्रमाणे दिवस मोजावा. कल्पना चावला याच यानात होत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटले आणि सातही जण गेले.

आता आपले पाहू. सुनीता विल्यम्स यांनी २००६ च्या मोहिमेत भगवद्गीता आणि गणपतीची छोटी मूर्ती नेली होती, हे सर्वांना माहीत आहे. मूर्ती नेणे सोपे आहे. अमेरिकी शटलमधून जाणाऱ्याला खासगी वस्तूंसाठी वीस नग आणि सुमारे ६८० ग्रॅमची मर्यादा होती. धातूची लहान मूर्ती त्यात बसते, फक्त ती तरंगू नये म्हणून चिकटपट्टीने बसवावी लागते. अवघड आहे ते तिथी आणि वार ठरवणे, आणि आपल्या घरोघरच्या पंचांगांत त्यासाठी एकही ओळ नाही.

उदाहरण ताजे आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळस्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. मधल्या काळात, ६ जुलैला, आषाढी एकादशी आली. तिथी म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून पाहता चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा-बारा अंशांनी वाढणारे अंतर. ती एका क्षणी लागते आणि एका क्षणी संपते, आणि तो क्षण पंढरपूर, लंडन, अंतराळस्थानक सगळीकडे एकच असतो. ही एकादशी ५ जुलैला संध्याकाळी सातच्या सुमारास लागली आणि ६ जुलैला रात्री सव्वानऊच्या सुमारास संपली, म्हणजे सव्वासव्वीस तासांची होती. इथवर अंतराळाची काहीच अडचण नाही. पण व्रताचा दिवस ठरतो सूर्योदयाच्या तिथीवरून, आणि स्थानक दर ९२-९३ मिनिटांनी पृथ्वीला फेरी मारते. त्या एका एकादशीत स्थानकावर सुमारे सतरा वेळा सूर्य उगवला. उपास कोणत्या उदयाला धरायचा आणि द्वादशीचे पारणे कोणत्या उदयानंतर करायचे? जळगावचा सूर्योदय धरला तर ७ जुलैचा उदय सकाळी ५.५२ च्या आसपास होता. स्थानकाचे घड्याळ ग्रिनिचचे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे तेव्हा मध्यरात्रीनंतरची साधारण बावीस मिनिटे झालेली होती आणि सगळे झोपेत. म्हणजे पारण्याची वेळ स्थानकाच्या सकाळपर्यंत पुढे नेण्याची मुभा नियमातच लिहावी लागेल. वाराचेही तसेच. आपला वार सूर्योदयाला बदलतो. वर बसून उदय मोजले तर पृथ्वीवरच्या एका दिवसात दोन आठवडे उलटतील. वार जमिनीवरून घ्यावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

मग जमिनीवरचे कोणते गाव धरायचे? पंचांगाला हा प्रश्न नवा नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे लागतात. जळगाव मुंबईच्या पावणेतीन अंश पूर्वेला आहे, म्हणून मुंबईचा चंद्रोदय वाचून संकष्टी सोडणारा जळगावकर दहाएक मिनिटे उगाच ताटकळतो. याच कारणाने भारत सरकारच्या दिनदर्शिका सुधार समितीने, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली, देशासाठी एक मध्यवर्ती बिंदू ठरवला: ८२ अंश ३० कला पूर्व रेखांश आणि उज्जयिनीचे २३ अंश ११ कला उत्तर अक्षांश. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्या बिंदूवर चालते. आमच्या मते अंतराळातल्या भारतीयासाठी हाच बिंदू धरावा. मलेशिया आणि इस्रायल यांनी उड्डाणतळ धरला, त्या न्यायाने कोणी श्रीहरिकोटा म्हणेल. पण शुक्ला फ्लोरिडातून उडाले. तळ बदलतो, हा बिंदू बदलत नाही.

उपासाबद्दल एक इशारा. वजनरहित अवस्थेत हाडांतला कॅल्शियम झिजून लघवीत उतरतो, त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो, आणि पाणी कमी प्यायले की तो आणखी वाढतो. म्हणून निर्जळा उपास तिथे करू नये, हे नियमात स्पष्ट असावे. पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, हे वचन धर्मशास्त्रात आधीपासून आहे. नवे काही शोधायला नको.

पूजेची सामग्री हा त्याहून मोठा विषय, आणि त्यात सर्वांत आधी निरांजन. जमिनीवर ज्योत उभी का राहते? तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते, आणि वर खेचल्या गेलेल्या काजळीचे कण तापून पिवळे दिसतात. वजनरहित अवस्थेत वर आणि खाली हा भेदच नसतो. तापलेली हवा ज्योतीभोवतीच साचून राहते, प्राणवायू कडेकडेने झिरपत आत येतो आणि ज्योत लहान, गोल, निळसर होते. वात तेल ओढते, कारण ते केशाकर्षणाचे काम आहे, त्याला गुरुत्व लागत नाही. पण उजेड नाममात्र आणि ज्योत कधीही गुदमरेल अशी. शटलमध्ये आणि रशियाच्या मीर स्थानकावर बंद पेटीत मेणबत्त्या लावून हे पाहिलेले आहे. पेटीबाहेर उघडी ज्योत लावायला कोणत्याही यानात परवानगी नाही आणि ती मागूही नये. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ मधले तिघे शुद्ध प्राणवायूत लागलेल्या आगीत गेले. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीरवर प्राणवायू तयार करणारे नळकांडे पेटले आणि धुराने स्थानक भरले. धावत बाहेर जायला तिथे अंगण नाही.

उदबत्ती आणि कापूर तर त्याहून वाईट, कारण त्यांची वाफ बंद हवेतून लवकर जात नाही आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर तिचा भार पडतो. अक्षता, कुंकू, बुक्का, अष्टगंधाची पूड यांतले काहीही खाली बसत नाही. कण डोळ्यात, नाकात आणि पंख्यांच्या जाळ्यांत जातात. याच कारणाने तिथे मीठ आणि मिरपूड द्रवरूपात देतात आणि पावाऐवजी मऊ पोळीसारखी टॉर्टिला नेतात. प्रसाद न्यायचा तर पंजिरी, चुरमुरे, खडीसाखर नकोच. चिकट, एका घासाचा लाडू किंवा मऊ पुरण पिशवीतून चालेल. शुक्ला यांनी गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तिन्ही पदार्थ या कसोटीला उतरतात. अर्घ्य आणि अभिषेकाचे पाणी धारेने पडत नाही. त्याचा गोळा होतो आणि तो मूर्तीला किंवा हाताला चिकटून राहतो. सोडला तर भिंतीमागच्या विजेच्या जोडण्यांत शिरू शकतो. एकेक थेंब तिथे परत वापरला जातो, २०२३ मध्ये वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ९८ टक्के परत मिळवण्यात यश आले. तेव्हा तिथे मानसपूजा हीच मुख्य पूजा मानावी. परंपरेत तिला कमी लेखलेले नाही.

चंद्रावर गणित वेगळे होते, आणि इथे खान्देशाचा संबंध येतो. चंद्रावरचा एक अहोरात्र आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा. एखाद्या ठिकाणी सूर्य कोणत्या तिथीला उगवतो ते काढायची रीत सोपी आहे. त्या ठिकाणाचे पूर्व रेखांश नव्वदातून वजा करावेत, उत्तर उणे आले तर त्यात ३६० मिळवावेत आणि बाराने भागावे. भागाकारात जितके पूर्णांक येतील तितक्या तिथी उलटल्या, पुढची चालू. चांद्रयान ३ जिथे उतरले ते शिवशक्ती स्थळ सुमारे ३२ अंश पूर्वेला. ९० उणे ३२ म्हणजे ५८, भागिले बारा, चार तिथी पूर्ण, पाचवी चालू. म्हणजे तिथे सूर्य दर महिन्याच्या शुद्ध पंचमीच्या सुमारास उगवतो आणि १८० अंश पुढे, वद्य पंचमीच्या सुमारास, मावळतो. पडताळा पाहा. २०२३ ची नागपंचमी २१ ऑगस्टला होती. २३ ऑगस्टला, श्रावण शुद्ध सप्तमीला, नुकत्या वर आलेल्या उन्हात विक्रम उतरले. ४ सप्टेंबरला, श्रावण वद्य पंचमीला, सूर्य मावळतीला आल्यावर ते निद्रावस्थेत नेले गेले.

हीच रीत चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या मध्याला, १८० अंशांना, लावली तर सूर्योदय वद्य अष्टमीला, माध्यान्ह अमावास्येला आणि सूर्यास्त शुद्ध अष्टमीला येतो. आता सिद्धान्तशिरोमणीचा गोलाध्याय काढून पाहावा. ज्यांचे ग्रंथ पुढे पाटणला शिकवले गेले त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये तो पूर्ण केला. पितर चंद्राच्या वरच्या, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या, भागावर राहतात असे मानून ते सांगतात की अमावास्येला सूर्य पितरांच्या डोक्यावर असतो, म्हणून ती त्यांची दुपार, आणि पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. अमावास्येला श्राद्ध का घालतात याची ही उपपत्ती आहे. पितर तिथे राहतात की नाही हा श्रद्धेचा भाग, पण तिथल्या दिवसरात्रीचे गणित बिनचूक आहे. पृथ्वीला आधार कोणाचा, या प्रश्नावरही याच ग्रंथाने रोखठोक उत्तर दिले: आधाराला आधार शोधत गेलो तर शेवटच नाही, मग पहिलीलाच स्वतःच्या शक्तीने आकाशात राहू द्यायला काय हरकत? असे लिहिणारा माणूस श्रद्धाळू होता. 'सगळे पुराणांत होते' म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे, कारण भास्कराचार्यांनी इथे पुराणातल्या शेषाचा आधार नाकारला आहे.

चंद्रावर दिशेचा प्रश्नही सुटतो. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असल्याने तिथल्या आकाशात पृथ्वी उगवत नाही आणि मावळत नाही, जवळजवळ एका जागी उभी असते. शिवशक्ती स्थळावरून ती वायव्येपेक्षा थोडी उत्तरेकडे, क्षितिजापासून सरासरी सतरा अंशांवर दिसेल, आणि महिन्याभरात सात-आठ अंश इकडेतिकडे डोलेल. पंढरीकडे असो वा मक्केकडे, तोंड एकाच ठिकाणी करायचे. संकष्टीला मात्र चंद्रोदय पाहता येणार नाही, पायाखालचा उगवायचा कसा? तिथे मध्यवर्ती बिंदूचा चंद्रोदय घड्याळावर धरावा. मंगळाचे थोडक्यात सांगतो: तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा आणि तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, त्यामुळे दर तेवीसेक दिवसांत एका तिथीचा क्षय येईल. वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे, म्हणून सण आणि ऋतू यांचा मेळ बसणारच नाही. तिथे पृथ्वीचीच तिथी पाळणे हा एक मार्ग.

काही गोष्टी टिकणार नाहीत, आणि त्या न टिकल्याने धर्माचे नुकसान नाही. ग्रहण जिथे दिसते तिथेच त्याचे वेध, हा जुना नियम आहे. आपले चंद्रग्रहण चंद्रावर उभ्या माणसाला सूर्यग्रहण म्हणून दिसते, मग गरोदर बाईला कोंडून ठेवण्याचा आग्रह तिथे कोणत्या आधाराने धरणार? चंद्रावर जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत चंद्ररास कुठून आणणार? मंगळाच्या धास्तीने मुलींची लग्ने अडवणाऱ्या देशाचे यान २४ सप्टेंबर २०१४ पासून मंगळाभोवती फिरले. भीतीवर उभे असलेले हे सगळे आजच सोडून द्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

टिकणार नाही पण जिवाला लागेल असेही आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई ही खान्देशाची देवी बसते. रविवार मोजता येईल. पण घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ काढलेले गहू, ते दळून भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे रोट, दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवण, यातले काय नेणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, खापरावर पुरणाचे मांडे पडतात, निंबाला झोके बांधतात. तिथी चंद्रावर गेली तरी माहेर जात नाही. अंतराळात खान्देशी माणसाच्या श्रद्धेची कसोटी लागेल ती इथे. विज्ञानाशी तिचे भांडण नाही, ती माती, पाणी आणि भाऊबंदकी यांवर उभी आहे आणि तीच सुटणार आहे. अशा सणांचे अंतराळासाठी रूपांतर करत बसू नये. वर गेलेल्याच्या नावाने घरच्यांनी इथे घागर भरावी.

मृत्यूचा विचारही आत्ताच करावा. मंगळाची फेरी अडीच-तीन वर्षांची, आणि दहन तिथे शक्य नाही. देह न मिळालेल्यासाठी आपल्याकडे पालाशविधी आहे: पळसाच्या ३६० देठांची आकृती करून तिच्यावर संस्कार करतात. सातपुड्यात पळसाला तोटा नाही, पण विधी येणारे किती उरले आहेत? आणि चंद्र सर्वांचाच आहे हेही विसरता कामा नये. जानेवारी १९९८ मध्ये एका शास्त्रज्ञाच्या अस्थी चंद्राकडे रवाना झाल्या तेव्हा अमेरिकेतल्या नवाहो लोकांनी, चंद्र आम्हाला पवित्र आहे, म्हणून हरकत घेतली आणि नासाने दिलगिरी व्यक्त केली. २०२४ मध्ये एका खासगी यानाच्या वेळी तोच वाद पुन्हा उठला. चंद्राला ओवाळणाऱ्या आपल्या लोकांचे यावर काही म्हणणे असेल तर ते मांडणारे व्यासपीठ कुठे आहे?

धर्म आणि रॉकेट यांचे आपल्या देशातले नाते मुळात सहकार्याचे आहे. केरळातल्या थुंबा येथे रॉकेटचा तळ उभारण्यासाठी विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले, आणि सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची वास्तू व बिशपचे घर शास्त्रज्ञांना मिळाले. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिले रॉकेट उडाले ते या गावातून. त्याहून साडेसातशे वर्षांपूर्वीचा दाखला आपल्या घरचा आहे. तो म्हणजे सुरुवातीला सांगितलेला पाटणादेवीचा, अर्थात पाटणचा शिलालेख, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्याने त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाच्या शेवटच्या मराठी ओळींत तपशील आहे: पाटणच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा कर मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. खगोलगणित शिकवण्याचा खर्च गावच्या बाजारपेठेने उचलला होता.

त्या आधारावर आमची मागणी अशी. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधले पंचांग जाणणारे, वारकरी फडांचे प्रतिनिधी, जैन मुनी, मौलवी, भिक्खू आणि विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक यांची बैठक पाटणला बोलवावी. शक्यतो पावसाळ्यातच, कारण पाडव्याच्या पंचांगाचे गणित कित्येक महिने आधी पुरे होते. भारताच्या गगनयानात तिघे तीन दिवसांसाठी चारशे किलोमीटरवर जायचे आहेत. २०३५ पर्यंत आपले स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, असे शासनाने जाहीर केले आहे. तोवर पंचांगात एक पान यावे: मध्यवर्ती बिंदू कोणता, वार आणि उदय तिथून कसे घ्यायचे, पारण्याची मुभा किती, वर्ज्य सामग्री कोणती, उपासाची सूट कोणाला, चंद्रावरच्या ठिकाणांचे सूर्योदय कोणत्या तिथीला. जळगावची डाळमिल, सुवर्णपेठ आणि केळीचा व्यापार यांनी घाण्यामागच्या पळीभर तेलाच्या हिशेबाने दोन विद्यार्थ्यांचा खर्च उचलला तरी पाटणला हे गणित पुन्हा शिकवता येईल. सूर्योदय, चंद्रोदय आणि तिथी यांची कोष्टके आम्ही विनामूल्य करून देऊ. कोणते व्रत कसे पाळायचे याचा निर्णय मात्र त्या त्या परंपरेच्या जाणकारांनीच द्यायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
खगोल व पंचांगगणिताचे अभ्यासक,
चाळीसगाव, जि. जळगाव